टिटवाळ्यापर्यंत पायी

आई गेल्यानंतर कित्येक महिने मी संध्याकाळी सहाला उठून पातेल्यात पाणी ठेवायचे. तिच्या पेजेची ती वेळ. पाणी उकळायला लागलं की लक्षात यायचं, मग त्याचाच चहा करून प्यायचे. अकरा वर्षं ती अंथरुणावर होती आणि मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. भाजी, औषधांचं दुकान, बँक आणि परत घर. लोक म्हणायचे, केवढं केलंस गं आईचं. मला राग यायचा. केलं म्हणजे काय? दुसरं होतं कोण करायला? भाऊ नाही, बहीण नाही, आणि माझं लग्न झालेलं नाही. का नाही झालं हे विचारण्याचं माझं वय लोकांच्या हिशेबाने उलटून गेलं होतं, तेवढाच काय तो आराम.

मी राहते कल्याण पश्चिमेला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज बसते करून देते. त्यात पोट भरतं, लाइटबिल भरतं, आणि महिनाअखेरीला फारसं काही उरत नाही. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अडलं म्हणून सांगते.

कॉलेजात असताना आमच्या ग्रुपबरोबर मी अलिबागच्या किनाऱ्याने दोन दिवस चालले होते. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दक्षिणेकडे चालत राहायचं, एवढाच नियम. वाट चुकायची सोयच नव्हती. तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, असंच चालत राहिलो तर थेट गोव्याच्या सीमेपर्यंत, रेडीपर्यंत जाऊ. बाकीचे हसले आणि विसरले. मी विसरले नाही. आईची कूस बदलताना, तिची चादर पिळताना मी मनातल्या मनात चालत असायचे. रेवस, मांडवा, किहीम, अलिबाग. खाडी आली की तरीत बसायचं, पलीकडे उतरायचं, पुन्हा चालायचं. पुढच्या वर्षी आई जरा बरी झाली की जाऊ, असं मी दर दिवाळीला म्हणायचे. आई बरी होणार नाही हे मलाही कळत होतं, पण म्हणायला काय जातं? ती गेली आणि पुढच्या वर्षी म्हणायला कारणच उरलं नाही. आता नाही गेले तर मी कधीच जाणार नाही, याची मला पुरती खात्री होती. मी बावन्न वर्षांची झाले होते आणि जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरायला लागला होता.

आधी मी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. ठाण्यातली एक संस्था किनाऱ्याची अशी पदयात्रा नेते असं कळलं, म्हणून तलावपाळीजवळच्या एका हॉलमध्ये त्यांच्या माहितीच्या बैठकीला गेले. तिथे सगळे एकमेकांना ओळखत होते. बुटांवर अर्धा तास चर्चा झाली. मग पाठीवरच्या सॅकवर. मग कोणाच्या तरी हिमालयातल्या फोटोंवर. माझ्याच वयाच्या एका गृहस्थांनी मला अदबीने विचारलं, "मॅडम, आपण याआधी काय काय केलंय?"

"अकरा वर्षं काही नाही," मी म्हटलं.

ते विनोद समजून हसले. शेवटी शुल्काचा आकडा पडद्यावर आला. तो बघून मी शांतपणे दुसरा समोसा घेतला, कारण तो फुकट होता, आणि खाऊन बाहेर पडले. तलावाच्या कठड्यापाशी उभी राहून मी स्वतःशी बरंच काही बोलले. चालायला पैसे कसले घेता रे, पाय माझेच ना? वगैरे. पण खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा त्या हसण्याचं लागलं होतं. चहाच्या वेळी त्या हॉलमध्ये सगळे घोळक्याने उभे होते आणि मी एकटी खुर्चीत बसून राहिले होते.

मग ठरवलं, एकटीनेच जायचं, आणि हिशेब मांडला. हॉटेल नाही, गाडी नाही, सोबत नाही. गावात पोचलं की देऊळ, नाहीतर एखाद्या घराची पडवी. जेवण घरगुती, पैसे देऊन. एका साडीचा फॉल-पिको म्हणजे एक वेळचं जेवण आणि तीन ब्लाउज म्हणजे एक मुक्काम, असं गणित बसलं. कोणी साडी घेऊन आली की मी तिच्याकडे न बघता मनात म्हणायचे, हे नागाव, हे रेवदंडा. बूट तेवढे नवे घेतले, तिथे कंजुषी केली नाही. सॅक मात्र घरीच शिवली. विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजूला गेलं की बॅगा शिवणाऱ्यांकडे कापडाचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. दुकानदाराने वजन करता करता विचारलं, "दीदी, बच्चे का स्कूल बॅग बनाओगी?"

"मेरे लिए है," मी म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन चेन वर टाकल्या, पैसे न घेता.

एवढं करूनही माझ्याकडे जमले ते निम्म्या किनाऱ्याला जेमतेम पुरतील एवढेच. उरलेला निम्मा भिशीवर अवलंबून होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांची भिशी आहे, बारा जणींची. महिन्याला दोन-दोन हजार. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, खायचं, चिठ्ठी काढायची आणि जिची निघेल तिने चोवीस हजार न्यायचे. पण यात एक पद्धत आहे, ती कुठे लिहिलेली नाही. कोणाच्या घरी कार्य असेल, म्हणजे लग्न किंवा बारसं, किंवा कोणाचं ऑपरेशन असेल, तर जिची चिठ्ठी निघते ती आपला नंबर तिला देते आणि स्वतः मागाहून घेते. मुख्य म्हणजे मागायचं नसतं. मागणं वाईट दिसतं. बाकीच्यांनी आपलं आपण ओळखायचं असतं. ओळखण्यात आमच्या बायका फार हुशार आहेत. कोणाची सून माहेरी का गेली, हे सुनेच्या माहेरच्यांच्या आधी आमच्या बिल्डिंगला कळतं.

किनाऱ्याने चालत जाणं हे कार्य नव्हे, हे मला माहीत होतं. त्यामुळे मी कोणाला काही बोलले नाही. चिठ्ठी निघेल तेव्हा निघेल, फक्त डिसेंबरच्या आत निघू दे, एवढंच मनात म्हणत होते. होळीनंतर वाळूत पाय ठेवता येत नाही, त्यानंतर पाऊस, आणि मग तेच पुढचं वर्ष.

दरम्यान पायांना सवय लावायला हवी होती. आमच्याकडे मंगळवारी दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत वीज बंद असायची, मशीन चालायचं नाही, म्हणून मी मंगळवार धरला. शहाडवरून, आंबिवलीवरून टिटवाळ्यापर्यंत पायी जायचं आणि येताना ट्रेनने यायचं. टिटवाळाच का? कारण अंतर बेताचं, शेवटी स्टेशन, आणि देवळापाशी बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. रस्त्याने चालणाऱ्या बाईला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. सॅकमध्ये वजन हवं म्हणून तांदळाच्या दोन पिशव्या टाकायचे. वाटेत हॉटेलात खर्च नको म्हणून केळी आणि शेंगदाणे. शहाडच्या पुढे नदीवरून वारा यायचा. तिथे थांबून दोन केळी खायची, हा आठवड्यातला माझा एकमेव समारंभ.

जाताना-येताना बायका भेटायच्या. "कुठे, टिटवाळ्याला? चालत?" मी म्हणायचे, हो. "दर मंगळवारी?" हो. मी गणपतीला हात जोडायचे, एवढं जाऊन न जोडणं बरं दिसत नाही, पण त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. एकदा खालच्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, "ताई, प्रसाद नाही आणला?" म्हणून पुढच्या खेपेला मी नारळाचे तुकडे आणले. मला वाटलं, आपली चौकशी होते, चांगलं आहे. आई असताना जिन्यात सगळ्या आईची तब्येत विचारायच्या. ती गेल्यावर विचारायला काही उरलं नव्हतं.

माझ्या समोरच्या दारात एक वहिनी राहतात. साठी उलटलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा गेलेला, मुलगा बंगळुरूला. आईच्या वेळी रात्री-अपरात्री मी हाक मारली ती त्यांनाच. बोलायला फटकळ, करायला पुढे. माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते आणि त्यांची माझ्याकडे. त्या वर्षी त्यांचे खालचे-वरचे उरलेसुरले दात काढले होते आणि कवळी बसवायची होती. मुलाकडे मागायचं त्यांच्या जिवावर येत होतं. "माझी चिठ्ठी निघाली की बसवीन," असं म्हणून त्या चहात पाव बुडवून दिवस काढत होत्या.

दिवाळीनंतरची भिशी त्यांच्याच घरी होती. चिठ्ठी उघडली, नाव वहिनींचं. मी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या दातांची मला माहिती होती. पण डिसेंबर आला होता.

वहिनींनी पैशांचं पाकीट घेतलं, माझ्यासमोर आल्या आणि ते माझ्या हातात ठेवलं.

"घे. नंबर तुझा."

मी बघतच राहिले. सगळ्या जणी हसत होत्या. कोणी माझी पाठ थोपटली, एकीने मला जवळ घेतलं. मला वाटलं, यांना कळलं. सॅक शिवताना पाहिली असेल, बूट दाराबाहेर दिसले असतील, दर मंगळवारचं चालणं तर सगळ्यांना माहीत होतं. यांनी ओळखलं, मी न मागता ओळखलं, आणि मी एकटीने समुद्रकाठाने चालत जाणं हे यांच्या मते कार्य आहे. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला त्याआधी कधी झाला होता ते आठवत नाही. साबुदाणा वडे आले, चटणी आली, आणि मी त्या अकरा बायकांमध्ये बसून पोटभर खाल्लं. आपण इथल्या आहोत असं मला वाटत होतं.

मग एकीने हिरव्या बांगड्यांचा डबा काढला. दुसरी म्हणाली, "आता सांग तरी, कुठले आहेत ते? डोंबिवलीचे का? आमच्या ह्यांनी तुला एकदा डोंबिवली स्टेशनला पाहिलं होतं."

"कोण?" मी विचारलं.

"लाजतेय बघा!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टिटवाळ्याचा गणपती लग्न जमवतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण बावन्नाव्या वर्षी ते मला लागू होईल, हे मला सुचलंच नव्हतं. यांना मात्र सगळं दिसत होतं. दर मंगळवारी पायी, फक्त केळ्यांवर, पाठीवर तांदूळ, अंग वाळलेलं, संध्याकाळी मशीनवर जादा काम. नवस. तो फळला असणार, नाहीतर बाई एवढे पैसे कशाला जमवेल? यांनी पद्धतीप्रमाणे ओळखलं होतं.

मी गप्प बसू शकले असते. त्या क्षणी मला ते अगदी स्पष्ट दिसलं. जमलं होतं ते फिसकटलं असं दोन महिन्यांनी सांगितलं असतं, तर कोणी पैसे परत मागितले नसते, उलट मलाच हळहळून जेवायला बोलावलं असतं. पण समोर वहिनी बसल्या होत्या. त्यांना वडा चावत नव्हता, त्या तो बोटांनी कुस्करून दह्यात कालवत होत्या आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा फुलला होता. मी पाकीट मांडीवर ठेवलं आणि सांगून टाकलं. लग्न नाही. नवस नाही. मला कोकणाच्या किनाऱ्याने चालत जायचंय, रेवसपासून रेडीपर्यंत, त्याचा सराव करत होते.

बांगड्यांचा डबा तसाच उघडा राहिला.

"चालत? म्हणजे देवाला?"

"नाही. नुसतंच."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"अगं, एवढ्या पैशात काशीला जाऊन येशील, तेही ट्रेनने!" एक जण म्हणाली आणि बाकीच्या सुटल्यासारख्या हसल्या. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, पण मघाचा तो जवळपणा गेला होता. मी तिथेच बसले होते आणि पुन्हा तिसऱ्या मजल्यावरची एकटी बाई झाले होते. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठून बशा गोळा करायला लागल्या.

संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. आत आल्या नाहीत.

"नंबर कार्यासाठी दिला होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता तुला कोणीतरी होईल. मी मेले तर तुला हाक मारायला समोर कोण आहे? म्हणून दिला. समुद्र बघायला नाही दिला."

मी पाकीट आणून दिलं. उघडलंही नव्हतं.

"दारं समोरासमोर आपली," त्या म्हणाल्या, "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"तुम्ही एका शब्दाने विचारलं होतंत का?" माझा आवाज चढला. "का जातेस गं, एकदा विचारायचं होतं ना! सगळ्यांनी मिळून माझं लग्न लावलंत, पण विचारलं एकीनेही नाही!"

त्या पाकीट घेऊन गेल्या आणि दार लागलं. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं, त्यामुळे राग काढायला जागाही नव्हती. मी मशीनवर बसले आणि एका साडीचा फॉल उलटा लावला. मग तो उसवत बसले.

दोन आठवड्यांत त्यांची कवळी बसली. जिन्यात त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलताना ऐकलं, शब्द जरा निसटत होते. माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा निम्मा किनारा त्यांच्या तोंडात बसला, असा एक दुष्ट विचार माझ्या मनात आला आणि मला हसूही आलं. पण हसून सांगायचं कोणाला?

निघायचं मी रद्द केलं नाही. आहेत त्या पैशांत पाय नेतील तिथवर जायचं, असं ठरवलं. निघताना वहिनींच्या दाराशी गेले. किल्ली त्यांच्याकडे होतीच, तरी म्हटलं, "मी जातेय." त्यांनी मान हलवली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरले, समुद्र उजव्या हाताला घेतला आणि चालायला लागले.

चालण्याबद्दल मी फार काही लिहू शकत नाही, कारण चालताना फार काही घडत नाही. वाळू ओली असेल तर पाय चालतात, कोरडी असेल तर पिंढऱ्या भरून येतात. दुपारी सुरूच्या सावलीत बसायचं. संध्याकाळी गावात शिरून कोणाच्या तरी अंगणात उभं राहायचं आणि विचारायचं, मुक्कामाला जागा मिळेल का? जागा मिळायची. एकाही गावाने मला परत पाठवलं नाही, कुठे कुठे पैसेही घेतले नाहीत. पण प्रत्येक घरातली बाई आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायची.

"बाकीचे कुठे आहेत?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"एकट्याच?" मग आत जाऊन सासूला सांगायची, आणि सासू बाहेर येऊन पुन्हा माझ्या मागे बघायची.

निर्जन जागी कोणी पुरुष भेटला आणि विचारू लागला, तर मी म्हणायचे, "मागून येतायत सगळे." सावधगिरी म्हणून. हे इतक्या वेळा म्हटलं की केळशीच्या पुढे एका दुपारी, विचारायला कोणी नसताना, मी थांबले आणि मागे वळून पाहिलं. लांबच लांब पुळण आणि माझ्याच पावलांची ओळ. कोणीतरी येईल असं मला खरंच वाटलं होतं. मी तिथे खाली बसले आणि आईला हाक मारली, मोठ्याने. कोणी ऐकणार नव्हतं, म्हणून पुन्हा मारली. घरात अकरा वर्षं तीच मला हाका मारायची आणि मी वैतागून म्हणायचे, आले गं. आता माझ्या हाकेला ओ द्यायला कोणी नव्हतं. त्या दिवशी मी पुढच्या गावापर्यंत गेले ती केवळ अंधाराच्या भीतीने.

तरीही मी सुखात होते. हे दोन्ही एकाच वेळी असतं, हे मला तिथे कळलं. सकाळी उठून बूट बांधताना मला कोणाची चादर बदलायची नव्हती, कोणाची साडी द्यायची नव्हती. माझे पाय मला जिथे नेत होते, तिथे ते पोचत होते.

पैसे मात्र माझ्यापेक्षा वेगाने चालत होते. हर्णैला औषधं घ्यावी लागली, दाभोळला एक मुक्काम महाग पडला. गुहागर सोडलं तेव्हाच मला कळलं होतं. तवसाळच्या धक्क्यावर पोचले तेव्हा जवळ परतीच्या एसटीचं, बायकांना पडतं ते अर्धं तिकीट, दोन वेळचं जेवण आणि थोडी चिल्लर होती. समोर जयगडची खाडी. फेरीबोट उभी होती. पलीकडे जायचं तिकीट अगदी किरकोळ होतं, ते मला परवडलं असतं. पण पलीकडे उतरून करायचं काय? तिथून पुढचा किनारा माझा नव्हता.

बोटीत गाड्या चढल्या, माणसं चढली. मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक बाई मला म्हणाली, "चला ताई, सुटेल आता."

"मी इथवरच आहे," मी म्हटलं.

बोट सुटली. मी धक्क्यावर सॅकला टेकून बसले आणि ती पलीकडे लागेपर्यंत बघत राहिले. गाड्या उतरल्या, माणसं चढणीने वर गेली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं होतं की मी रडेन. रडू आलं नाही, नुसता थकवा आला. गप्प बसले असते तर मी त्या बोटीत असते, एवढं मात्र सारखं मनात येत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींचा. महिनाभरात पहिल्यांदा.

"ती दुसऱ्या विंगमधली आलीये," त्या म्हणाल्या, नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तिची जांभळी साडी म्हणे तुझ्याकडे आहे. कुठे ठेवलीयस? मी तुझ्या घरातच उभी आहे."

"कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. पिको झालाय."

कपाट उघडल्याचा आवाज आला. "मिळाली," त्या म्हणाल्या. फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. त्या बाईला वाटेला लावल्याचं, दार बंद केल्याचं मला ऐकू येत होतं.

"कुठे आहेस?"

"खाडीवर. गुहागरच्या पुढे."

"झालं का सगळं?"

"नाही. निम्मं झालं. पैसे संपले, उद्या परत येतेय."

धक्क्यावर एक कुत्रं माझी सॅक हुंगत होतं, मी त्याला हाकललं नाही.

"पाय दुखतात का गं?"

"दुखतात."

"आणि पलीकडे?" वहिनींनी विचारलं. "खाडीच्या पलीकडे काय आहे?"

मी समोर पाहिलं. चढणीचा रस्ता दिसत होता, त्याच्या वर किल्ल्याचा तट, आणि त्यामागे काही दिसत नव्हतं.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हटलं, आणि आता मात्र मला रडू आवरेना.